वीस गुणांचा प्रकल्प

सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत डॉक्टर व्हायला जायचं, तर भौतिक, रसायन आणि जीवशास्त्राच्या जोडीला आणखी एक पेपर द्यावा लागायचा. गांधीविचारांचा. पुढे नीट आली, देशभर एकच परीक्षा झाली आणि तो पेपर गेला. मी आर्वीत अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवायचे. माझी पोरं त्या पेपरच्या नावानं बोटं मोडायची. पेशीविभाजनाच्या अवस्था पाठ करायच्या, की म्हाताऱ्याचं आत्मचरित्र वाचत बसायचं? "मॅडम, सुई टोचाले गांधी कायले लागते?" असं एकानं भर वर्गात विचारलं आणि अख्खा वर्ग हसला. मीही हसले.

प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. १९६९ मध्ये ही संस्था उभी करणाऱ्या डॉ. सुशीला नायर गांधीजींच्या डॉक्टर होत्या, अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समध्ये सार्वजनिक आरोग्य शिकून आल्या होत्या, केंद्रात आरोग्यमंत्री राहिल्या होत्या. दवाखान्याच्या पायरीपर्यंत कोण पोचतं आणि कोण पोचत नाही, याचं उत्तर शरीरक्रियाशास्त्राच्या पुस्तकात नसतं, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. म्हणून तिथं नव्या मुलांना आधी पंधरा दिवस आश्रमात राहावं लागतं आणि प्रत्येक बॅचला एक गाव मिळतं. त्या गावातली काही घरं प्रत्येकाच्या वाट्याला येतात. त्या घरांत जायचं, कोण काय खातं, कोण आजारी पडतं, पैसा कुठून येतो ते बघायचं. पेपर गेला, गाव राहिलं. माझ्या दृष्टीनं गावच महत्त्वाचं होतं.

मी निवृत्त झाले तरी दहावीचा निकाल लागला की कोणी ना कोणी बाप पोरीला घेऊन दारात येतोच. "तुम्हीच सांगा ना जी तिले. नव्वद टक्के घेतले अन् आर्ट घ्याचं म्हणते. लोकं म्हणतीन, कॉपी करून पास झाली का काय." पोरगी खाली बघत उभी. बापाला वाटतं, जीवशास्त्राच्या मॅडम आहेत, आपल्याच बाजूनं बोलतील. मी बोलत नाही, आणि तो नाराज होऊन जातो.

कला शाखेची वकिली करायला मला भावनिक कारण काही नाही. सगळी नोकरी सूक्ष्मदर्शकाशेजारी गेली. शिवाय साहित्य-इतिहास वाचून माणूस संवेदनशील होतो, संस्कार होतात, माणूस घडतो वगैरे जे भाषणांत सांगतात, त्यावर माझा फारसा विश्वास नाही. कवितांच्या कविता तोंडपाठ असलेली आणि सुनेला घरात पाणी पाणी करायला लावणारी माणसं मी पाहिली आहेत. एकही कादंबरी न वाचलेला आमच्या दवाखान्यातला कंपाउंडर रात्री दोन वाजता उठून येतो. तेव्हा तो मुद्दा राहू द्या. माझं कारण वेगळं आणि जरा रूक्ष आहे. या वर्धा जिल्ह्यातले जे प्रश्न जिवावर बेततात, त्यांच्यात माझा विषय अर्ध्या वाटेपर्यंत उपयोगी पडतो आणि तिथं थांबतो. पुढचं अर्धं काम तितक्याच कसून करणारी माणसं लागतात. ती आपण तयार करत नाही.

सिकलसेलचंच बघा. बारावीच्या आनुवंशिकतेत हा आजार असतो. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल असायला हवं, तिथं व्हॅलिन येतं. एवढ्याशा बदलानं लाल रक्तपेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते, हाडं-सांधे ठणकतात, रक्त कमी पडत राहतं. आई आणि बाप दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी निघण्याची शक्यता चारांत एक. फळ्यावर चौकोन आखायचा, चार घरं भरायची, झालं. हे मी इतक्या वेळा शिकवलं आहे की झोपेतून उठवलं तरी आखीन. पोरांना पैकीच्या पैकी गुण मिळायचे.

आणि हा आजार विदर्भात नुसता पुस्तकातला नाही. नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद १९५८ मध्येच केली होती. माझ्या वर्गात दरवर्षी एखादं तरी लेकरू असं असायचं की जे थंडीत आठ-आठ दिवस यायचं नाही, आणि आल्यावर बाकावर डोकं टेकून बसायचं.

एका वर्षी तो चौकोन पुसताना मागच्या बाकावरून एका मुलीनं विचारलं, "मॅडम, पोरीनं कार्ड दाखवलं तं सोयरीक मोडते. पोरानं दाखवलंच नाही तं?" तपासणीनंतर आरोग्य खात्याकडून जे कार्ड मिळतं, त्याबद्दल ती बोलत होती. घरोघर ते कार्ड पेटीत, लुगड्याखाली जातं. 'पोरीले काही नाही, रक्त जरासं कमी हाये' एवढंच बाहेर सांगतात. वाहक माणूस एरवी ठणठणीत असतो, हे आम्ही सांगून सांगून थकलो. ऐकणाऱ्याच्या मनात 'सिकलसेलवाली' हा शब्दच राहतो. पाहायला आलेली मंडळी मुलीची पत्रिका, उंची, रंग, शिक्षण सगळं विचारतात, आणि हल्ली कुठं कुठं कार्डही विचारतात. मुलाकडं कार्ड मागायची टाप कोणाची? त्यात हा आजार काही दलित, आदिवासी आणि ओबीसी समाजांत जास्त आढळतो. त्यामुळं आशाताई दारात तपासणीचं विचारायला आली, की एका घरात तो जातीवरचा टोमणा वाटतो आणि दुसऱ्या घरात 'आमच्यात नसते' म्हणून दार लागतं.

त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर चौकोनात नव्हतं. लग्न जुळवण्याच्या कोणत्या टप्प्यावर, कोणाच्या तोंडून हा विषय निघाला तर कोणाचा अपमान होणार नाही? मध्यस्थाच्या? मामाच्या? की शाळेतच, लग्नाचा विचारही डोक्यात नसताना? वेगवेगळ्या समाजांत याची उत्तरं वेगवेगळी असतील का? हे शोधून काढण्यासारखे प्रश्न आहेत, त्यांना खरी-खोटी उत्तरं आहेत. त्यासाठी घरात बसून तासन्‌तास ऐकावं लागतं, सासू समोर असताना सून काय बोलते आणि विहिरीवर काय बोलते यातला फरक टिपावा लागतो, आपल्या प्रश्नामुळंच उत्तर बदलत नाही ना याची काळजी घ्यावी लागते. ही सगळी समाजशास्त्राची, मानवशास्त्राची हत्यारं. ती माझ्याकडं नव्हती. २०२३ च्या जुलैत केंद्र सरकारनं सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू केलं. ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत आजार संपवणं असं त्याचं उद्दिष्ट आहे. तपासणी आम्ही विज्ञानवाले करू. कार्ड हातात पडल्यापासून पुढचा विषय कोणाचा?

पश्चिम आफ्रिकेत २०१४ मध्ये इबोला पसरला, तेव्हा हीच अडचण झाली होती. मृतदेहाला आंघोळ घालताना, हात लावताना संसर्ग होत होता. पांढऱ्या पोशाखातली पथकं प्रेतं उचलून नेऊ लागली, तशी माणसं आजारी नातलग आणि प्रेतं लपवू लागली. मानवशास्त्राच्या अभ्यासकांना सोबत घेतलं, घरच्यांना प्रार्थना करू दिली, निरोप घेऊ दिला, मग लोक ऐकू लागले. जागतिक आरोग्य संघटनेनं त्याच वर्षी दफनाचे नियम बदलले. विषाणू तोच होता.

आता जुनी, आणि आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट. गडचिरोलीला जाण्याआधी डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग वर्ध्याजवळ कान्हापूरसारख्या खेड्यांत काम करत होते. रोजगार हमीच्या कामावरची मजुरी तेव्हा दिवसाला ४ रुपये होती. शेतमजुराची किमान मजुरी ठरली होती ती वि. स. पागे यांच्या समितीच्या अहवालाच्या आधारानं, आणि त्या अहवालात माणसाला लागणाऱ्या उष्मांकांचा हिशेब होता. अभय बंगांनी तो अहवाल शोधून काढला, ओळ न् ओळ तपासली आणि हिशेब चुकला आहे हे दाखवून दिलं. वाद झाला. मजुरी ४ रुपयांवरून १२ रुपयांवर गेली, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. दवाखान्यात औषधं देऊन त्या मजुरांच्या अंगात जेवढं रक्त भरलं असतं, त्यापेक्षा या एका दुरुस्तीनं जास्त भरलं असेल, असं मला जीवशास्त्राची शिक्षक म्हणून वाटतं.

हे काम विज्ञानाचं म्हणायचं की अर्थशास्त्राचं? माती खणणाऱ्या माणसाला किती उष्मांक लागतात, ते मी सांगू शकते. त्याच्या एका मजुरीवर घरात किती तोंडं जगतात, पावसाळ्यात काम बंद पडल्यावर काय करतात, अंगावर पीत्या लेकराची आई त्या हिशेबात धरली आहे का, हे माझ्या पुस्तकात नाही. सरकारी अहवाल कसा वाचायचा, त्यात काय गृहीत धरलं आहे ते कसं उकरून काढायचं, हे तर कोणत्याच मेडिकल कॉलेजात शिकवत नाहीत. बंगांना ते घरात मिळालं असावं. त्यांचे वडील ठाकुरदास बंग वर्ध्याच्या कॉमर्स कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक. पुढच्या शिक्षणासाठी अमेरिकेला निघाले होते, सेवाग्रामला गांधीजींचा निरोप घ्यायला गेले. गांधीजींनी त्यांना अर्थशास्त्र शिकायला अमेरिकेऐवजी खेड्यात जायला सुचवलं, असं अभय बंग सांगतात. वडिलांनी जाणं रद्द केलं आणि विद्यार्थ्यांना घेऊन खेडी गाठली.

याच वर्ध्यात मगनवाडीला जे. सी. कुमारप्पा राहायचे. कोलंबिया विद्यापीठात शिकलेले अर्थतज्ज्ञ, पेशानं हिशेबतपासनीस. १९३८-३९ मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडच्या सरकारसाठी त्यांनी शेकडो खेड्यांची उद्योग-पाहणी केली. तेल कोण गाळतं, चामडं कुठं जातं, विणकराच्या हातात काय उरतं, सगळं मोजून. मोजमाप ही फक्त आमच्या प्रयोगशाळेची मिरास आहे असं मानणाऱ्यांनी मगन संग्रहालयात एकदा चक्कर टाकावी.

डोरली आठवते? २००५ च्या अखेरीस या आपल्या जिल्ह्यातल्या गावानं 'गाव विकणे आहे' अशी पाटी लावली होती. देशात बीटी कापसाला परवानगी मिळाली २००२ मध्ये. बोंडअळीच्या आतड्यात जाऊन तिला मारणारं ते प्रथिन काय करतं, हे मी आनंदानं शिकवलं आहे. शास्त्र म्हणून ती देखणी गोष्ट आहे. पण बियाण्याचं पाकीट उधारीवर कोणाकडून घेतलं, सरकी-रुईचा भाव कोण ठरवतो, बँकेनं दार लावल्यावर सावकाराचं कसं उघडतं, याबद्दल त्या प्रथिनाला काही म्हणायचं नसतं. आत्महत्यांची कारणं शोधायची वेळ आली, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयानं कीटकशास्त्रज्ञाला बोलावलं नाही. टाटा समाजविज्ञान संस्थेला सांगितलं. तिचा अहवाल २००५ मध्ये आला. २००६ च्या जानेवारीत इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेच्या श्रीजित मिश्रांचा अभ्यास आला. त्यानंतर जुलैत पंतप्रधानांचं ३,७५० कोटींचं पॅकेज सहा जिल्ह्यांसाठी जाहीर झालं. त्या सहांत वर्धा होता. पॅकेजनं किती साधलं हा वेगळा वाद आहे. मला दिसतं ते एवढंच की अहवाल लिहिणारे मुंबईहून आले. माझ्या माहितीत आर्वी, आष्टी, कारंजा, हिंगणघाटच्या कला शाखांच्या वर्गांतून, जिथं त्याच घरांतली मुलं बसलेली होती, असा एकही अहवाल निघाला नाही.

आता कला शाखेवाल्यांना थोडं बोलते, कारण त्यांचीही चूक आहे आणि मोठी आहे.

बारावीच्या इतिहासाला, समाजशास्त्राला लेखी ८० गुण आणि प्रकल्प-तोंडीला २० गुण. कागदावर उत्तम. प्रत्यक्षात तो प्रकल्प झेरॉक्सच्या दुकानात मिळतो. मुखपृष्ठावर फक्त नाव टाकायचं असतं. माझ्या शेजारच्या मुलीनं इतिहासाला 'महाराष्ट्रातील किल्ले' आणून दिला. तिनं आयुष्यात एकही किल्ला पाहिलेला नाही. आणि तिच्या आजोळी, आष्टीला, १६ ऑगस्ट १९४२ रोजी गावकरी पोलीस ठाण्यावर चालून गेले होते, गोळीबार झाला, गावकरी मेले, पोलीसही मेले. त्या घरांतले नातू-पणतू अजून तिथं आहेत. कोणाच्या घरी त्या दिवसाबद्दल काय सांगतात, ते एकमेकांशी जुळतं का, सरकारी कागदांशी जुळतं का, एवढं जरी तिनं वहीत उतरवलं असतं तरी ते इतिहासाचं खरं काम झालं असतं. धनोडीला निम्न वर्धा धरण झालं. ज्यांची गावं पाण्याखाली गेली ती माणसं आज कुठं आहेत, मोबदल्याच्या पैशाचं काय झालं, पुनर्वसनाच्या गावात जुने शेजारी शेजारीच राहिले का? आर्वीच्या समाजशास्त्राच्या वर्गाला याहून जवळचा विषय मिळायचा नाही. वर्गात मात्र 'कुटुंबाची व्याख्या सांगून प्रकार स्पष्ट करा' चालू असतं.

विज्ञानाचीही फार वेगळी तऱ्हा नाही, हेही सांगून टाकते. ज्या मुलांचं नाव आमच्याकडं आणि पाय नागपूरच्या क्लासमध्ये, त्यांनी बेडकाचं चित्र आणि कांद्याच्या मुळाची स्लाइड दोन्ही जर्नलमध्ये मागच्या वर्षीच्या जर्नलवरून उतरवलेली असतात. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात सह्यांसाठी रांग. चार पर्यायांतून एक निवडायचा, ही विद्या एवढी माजली आहे की तिनं विज्ञान आणि कला दोघींनाही घरात कोंडलं. नीटमध्ये यश मिळालेला मुलगा जीवशास्त्र शिकला असेलच असं नाही. तो नीट शिकला.

त्या मानानं वर्ध्यानं एकेकाळी शहाणपणाचा विचार केला होता. १९३७ च्या ऑक्टोबरात इथं शिक्षण परिषद भरली, झाकिर हुसेन समिती नेमली गेली, पुढे सेवाग्रामला आर्यनायकम् पती-पत्नींनी नई तालीम चालवली. कापूस पेरायचा, वेचायचा, पिंजायचा, कातायचा. आणि त्यातूनच गणित, भूगोल, इतिहास शिकायचा. समवाय म्हणायचे त्याला. पोरांना नुसतं सूत कातायला लावणं गावच्या लोकांना पटलं नाही, आणि मला त्यांचं काही चुकलं असं वाटत नाही. साहेबाच्या पोरांना इंग्रजी आणि आमच्या पोरांना टकळी का, हा त्यांचा सवाल बिनतोड होता. पण कापसाचा एक धागा धरून कुठवर जाता येतं हे बघण्यासारखं आहे. वर्धा जिल्हा झाला १८६२ मध्ये. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध, तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना. इथं कापूस आयुक्त राहिलेल्या रिव्हेट-कार्नॅक साहेबानंच वर्ध्याची जमीनमहसुलाची पाहणी केली. १८६७ पर्यंत रेल्वे वर्ध्यावरून नागपूरला पोचली. हिंगणघाटचा कापूस जगात नावाजला गेला. आपल्या आजाच्या वावरात पऱ्हाटीच का उभी आहे, जवारी का हटली, या प्रश्नाचं उत्तर मातीच्या काळेपणात जेवढं आहे तेवढंच या दहा वर्षांत आहे. मातीचा नमुना तपासायला आपण पोरांना शिकवतो. ही दहा वर्षं तपासायला कोण शिकवतं?

बापाचा प्रश्न मात्र मी टाळणार नाही. तीन एकर वावर, एक पोरगी, एक पोरगं. "पोटाले काय मिळंन?" बी.ए. झालेली आमची मुलं पहाटे पाच वाजता मैदानावर पोलीसभरतीसाठी धावताना दिसतात. हा काही विद्येचा विजय नव्हे. विज्ञान घेऊन नर्सिंगला गेलेली मुलगी काही वर्षांत घराला हातभार लावते, हे मी अनेकदा पाहिलं आहे, आणि अशा घराला 'कला घे' म्हणण्याचा मला अधिकार नाही. ज्याला विज्ञानाची ओढ आहे त्यानं विज्ञानच घ्यावं. पण कर्ज काढून कुठल्यातरी खासगी इंजिनीअरिंगला घातलेला, तीन विषय राहिलेला, शेवटी मोबाइलच्या दुकानात बसलेला मुलगाही याच गावात आहे, आणि त्याचा हिशेब कोणी मांडत नाही. गंमत अशी की इंजिनीअर झालेली हुशार पोरं पुण्यात खोली घेऊन एमपीएससीचा अभ्यास करतात म्हणजे काय करतात? राज्यमंडळाची सहावीपासूनची इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्राची पुस्तकं शोधून शोधून वाचतात. वयाच्या चोविसाव्या वर्षी. ज्या विषयांना 'ढ पोट्ट्यायचे' म्हणून बाजूला सारलं, त्यांच्याच दारात परत येतात.

आणि आमचा साहित्यप्रेमी वर्ग! २०२३ च्या फेब्रुवारीत वर्ध्याला ९६ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. १९६९ नंतर पहिल्यांदा. त्या वर्षी पु. शि. रेगे अध्यक्ष होते आणि त्याच वर्षी सेवाग्रामचं मेडिकल कॉलेज निघालं, हा योगायोग मला फार आवडतो. २०२३ ला नरेंद्र चपळगावकर अध्यक्ष, शिवाय त्याच दिवसांत विद्रोही संमेलनही. मी दोन्हीकडं गेले, पुस्तकांच्या गाळ्यांवर रेटारेटी केली. मराठीचं कसं होणार म्हणून हळहळणारे कितीतरी ओळखीचे भेटले. त्यांच्यातल्या एकाचाही मुलगा किंवा मुलगी मराठी घेऊन एम.ए. करत नव्हती. मी विचारलं होतं.

म्हणून माझं मागणं भाषणाचं नाही, पैशाचं आहे. विज्ञानाच्या मुलांच्या प्रॅक्टिकलसाठी वेगळ्या तासिका असतात, बॅच पाडतात, प्रयोगशाळा सहायक असतो, परिचर असतो, रसायनांसाठी तरतूद असते. इतिहासाच्या, समाजशास्त्राच्या वीस गुणांसाठी काय असतं? एक रकाना. मुलांना धनोडीला किंवा आष्टीला न्यायचं, तर एसटीचं भाडं शिक्षकानं खिशातून द्यायचं, आणि तो बिचारा बहुतेकदा तासिका तत्त्वावर. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात २०२० पासून लिहिलंय की कला आणि विज्ञान यांत पक्की भिंत नको. लिहिलंय ते छान. भिंत पाडायला निदान गवंड्याची मजुरी तरी द्या.

मी एका कनिष्ठ महाविद्यालयात साधी सूचना नेली. सेवाग्रामला बॅचला गाव देतात, तसं तुम्ही अकरावीला एक गाव द्या. दोन्ही शाखांना मिळून एकच. जीवशास्त्राच्या मुलांनी सिकलसेलची तपासणी समजून घ्यायची, आरोग्य केंद्रात बसायचं. समाजशास्त्राच्या मुलांनी घराघरांत जाऊन, कोणाचंही नाव वहीत न लिहिता, कार्डाचं काय होतं ते ऐकायचं. भूगोलाच्या मुलांनी पाण्याचा आणि रस्त्याचा नकाशा काढायचा. मराठीच्या मुलांनी ते सगळं गावच्या माणसाला वाचता येईल अशा भाषेत लिहायचं, कारण आरोग्य खात्याची पत्रकं कोणालाच वाचता येत नाहीत. वर्षाअखेर ग्रामसभेत वाचून दाखवायचं. वीस गुण त्यालाच द्यायचे. इतिहासाचे सर लगेच तयार झाले. गावही त्यांनीच सुचवलं. प्राचार्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, चहा मागवला. मग म्हणाले, कला शाखेच्या मुलांना खुशाल न्या मॅडम, विज्ञानाच्या पोरांना मात्र शनिवारी सोडता यायचं नाही. त्यांची टेस्ट सिरीज असते.